शनिवार-रविवारचा फुटबॉल: घड्याळ, ॲप आणि तुमचे पैसे

ऑक्टोबर संपत आला की फुटबॉल बघणाऱ्या वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. दर शनिवारी साडेसातला लागणारी मॅच आज साडेआठला कशी? वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलंय, तरी चॅम्पियन्स लीग का दिसत नाही? ॲप मोबाइलमधून काढून टाकलं, मग बँकेतून पैसे कसे गेले? सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला तर चालेल का? आणि एक प्रश्न, जो बहुतेक वेळा फुटबॉल न बघणाऱ्या माणसाचा असतो: रविवारी सिनेमाला जायचं ठरलं होतं, त्याचं काय?

या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत. फक्त ती एका ठिकाणी मिळत नाहीत. थोडी इंग्लंडच्या घड्याळात आहेत, थोडी रिझर्व्ह बँकेच्या नियमात, थोडी तुमच्या रिचार्जच्या बारीक अक्षरांत. ती इथे एकत्र केली आहेत.

आधी सामना ठरवा, मग वीकेंड

युरोपातल्या पाच मोठ्या लीगचा हिशोब करा. इंग्लंड, स्पेन आणि इटलीत वीस-वीस संघ, म्हणजे एका फेरीत दहा-दहा सामने. जर्मनी आणि फ्रान्समध्ये अठरा-अठरा संघ, म्हणजे नऊ-नऊ. एकूण ४८ सामने, आणि त्यांतले बहुतेक शुक्रवार रात्र ते रविवार रात्र या वेळात कोंबलेले. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पंधरा मिनिटं, शेवटी वाढवून दिलेला वेळ. एक सामना सहज दोन तास खातो. सगळं बघायचं म्हटलं की काहीच धड बघून होत नाही. हातात रिमोट, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि गोल झाला तेव्हा नजर तिसरीकडे.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी पाच मिनिटं काढा आणि ठरवा:

- या शनिवार-रविवारी पूर्ण बघायचा सामना कोणता? एकच. फार तर दोन.
- जेवता-जेवता, गप्पा मारत चालू ठेवायचा सामना कोणता?
- बाकीच्यांचे हायलाइट्स रविवारी सकाळी.

गुरुवारच का? एक तर घरच्यांना दोन दिवस आधी कळतं, आणि शनिवारी दुपारी होणारी निम्मी भांडणं टळतात. दुसरं म्हणजे, हंगामाआधी जूनमध्ये जाहीर होणारं वेळापत्रक कच्चं असतं. टीव्ही कंपन्या नंतर आपापले सामने निवडतात आणि शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी जातो. गुरुवारी रात्री युरोपा लीग खेळलेला संघ शक्यतो रविवारी खेळतो. जून महिन्यात कॅलेंडरवर गोल करून ठेवलेल्या तारखांवर विसंबून कुणाचं लग्न चुकवू नका.

राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी क्लब फुटबॉल हंगामात काही वेळा थांबतं. ते शनिवार-रविवार घरच्या कामांना आणि राहिलेल्या सिनेमांना देऊन टाका. पुढच्या महिन्यात मागणी करायला तोंड राहतं.

घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं

आपलं घड्याळ बारा महिने तेच असतं, युरोपचं नसतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतात. त्यामुळे लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, तर हिवाळ्यात साडेपाच. माद्रिद, म्युनिक आणि मिलान उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे. आपल्या वेळेनुसार नेहमीचे सामने असे येतात (आधी ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि एप्रिल-मे, मग हिवाळा):

- इंग्लंड, शनिवारचा पहिला सामना: संध्याकाळी ५ / ६
- इंग्लंड, शनिवारचे दुपारचे सामने: ७.३० / ८.३०
- इंग्लंड, शनिवारचा संध्याकाळचा सामना: रात्री १० / ११
- इंग्लंड, रविवार: ६.३० आणि ९ / ७.३० आणि १०
- जर्मनी, शनिवार: ७ / ८, आणि मोठा सामना १० / ११
- स्पेनचा रात्रीचा सामना: १२.३० / १.३०
- इटलीचा रात्रीचा सामना: १२.१५ / १.१५

ज्या शनिवार-रविवारी घड्याळ बदलतं, तो खास जपा. बदल रविवारी पहाटे होतो. म्हणजे शनिवारचे सामने जुन्या वेळेने आणि रविवारचे नव्या वेळेने.

याहून जास्त लोक फसतात ते मध्यरात्रीच्या सामन्यांना. 'शनिवारी रात्री साडेबारा' असं आपण म्हणतो, पण ॲपवर लिहिलेलं असतं 'रविवार, ००:३०'. ते वाचून रविवारी रात्री जेवण आटोपून, चहा घेऊन बसणारे महाभाग दरवर्षी भेटतात. सामना होऊन वीस तास उलटलेले असतात. उपाय सोपा आहे. रिमाइंडर हाताने लावू नका. क्लबच्या किंवा लीगच्या अधिकृत ॲपमधून सामने फोनच्या कॅलेंडरमध्ये घ्या. वेळ बदलली तर तीही आपोआप बदलते.

मेस्सीसाठी अमेरिकेची लीग बघणाऱ्यांचं गणित उलटं आहे. तिथे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे पाचला येतो, हिवाळ्यात सहाला. अमेरिकेची घड्याळं मात्र मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, युरोपच्या तारखांना नाही. पहाटे उठणाऱ्यांना ही सोय मोठी आहे: सामना संपतो तेव्हा घर नुकतं जागं होत असतं आणि कुणाशीच वाद घालावा लागत नाही.

लंडन-मँचेस्टरला राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांना चिडवायचं असेल तर एक गोष्ट ठाऊक असू द्या. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून १९६० च्या दशकापासून ही बंदी आहे. ते सामने सांगलीत घरबसल्या दिसू शकतात, लीड्समध्ये नाहीत.

ॲपचे पैसे भरू नका, स्पर्धेचे भरा

'फुटबॉलचं ॲप' अशी गोष्टच नाही. प्रत्येक स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क वेगळे विकले जातात, ठरावीक वर्षांसाठी. मुदत संपली की स्पर्धा दुसऱ्या घरी जाते. स्पेनच्या ला लीगाचंच बघा. २०१८ पासून तीन हंगाम ती भारतात फेसबुकवर फुकट दिसत होती, मग वायाकॉम-१८ कडे गेली आणि त्यानंतरही तिचा मुक्काम हलत राहिला. ॲपही बदलतात. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये एक होऊन जिओहॉटस्टार झालं. २०२५-२६ च्या हंगामात प्रीमियर लीग जिओहॉटस्टार आणि स्टार स्पोर्ट्सकडे, तर चॅम्पियन्स लीग सोनीकडे. म्हणजे आर्सेनल शनिवारी एका दुकानात आणि मंगळवारी-बुधवारी दुसऱ्या. मागच्या वर्षी होतं म्हणून यंदाही तिथेच असेल, असं धरून पैसे भरू नका. स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर देशागणिक प्रक्षेपकांची यादी असते. 'भारत' समोर काय लिहिलंय ते बघा, मगच पुढे जा.

पैसे भरण्याआधी एवढं तपासा:

- प्लॅन टीव्हीवर चालतो का? रिचार्जबरोबर मिळणारी बरीच सबस्क्रिप्शन फक्त मोबाइलपुरती असतात. टीव्हीवर लावायला गेलं की अडतं.
- एका वेळी किती स्क्रीन? तुम्ही हॉलमध्ये सामना बघताय आणि आत मुलगी मालिका लावतेय, तर एकाला बाहेर काढलं जाईल. ते नव्वदाव्या मिनिटाला होतं.
- जाहिराती. 'जाहिरातमुक्त' प्लॅनमध्येसुद्धा थेट सामन्यात जाहिराती येऊ शकतात. अटींमध्ये 'थेट कार्यक्रम वगळून' असं लिहिलेलं असतं.
- महिना, तीन महिने की वर्ष? लीग ऑगस्ट ते मे चालते. दर आठवड्याला बघत असाल तर वार्षिक प्लॅन परवडतो, पण तो हंगाम सुरू होताना घ्या, फेब्रुवारीत नाही. फक्त चॅम्पियन्स लीगचे बाद फेरीचे सामने बघणाऱ्यांना फेब्रुवारी ते मे एवढंच पुरतं.
- पुन्हा बघता येतो का? पूर्ण सामना नंतर ठेवला जातो की फक्त हायलाइट्स? रात्री दीडचा सामना सकाळी बघणाऱ्यांसाठी हाच मुद्दा सगळ्यांत मोठा.

माझं मत विचाराल तर एका वेळी एक खेळाचं आणि एक सिनेमा-मालिकांचं, अशी दोन सबस्क्रिप्शन पुरे. पाच ठिकाणी थोडं थोडं घेणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. सिनेमाचं ॲप तर दर दोन महिन्यांनी बदलता येतं: एकावरचं बघून संपवा, बंद करा, दुसरं घ्या.

केबल किंवा डीटीएच असेल तर तुम्हाला पूर्ण बुके घ्यायची सक्ती नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी उपलब्ध असली पाहिजे आणि तिची किंमत जाहीर असली पाहिजे. हवी ती क्रीडावाहिनी घ्या, मेअखेर काढून टाका. केबलवाला 'सुटी मिळत नाही' म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर सांगा. एचडी आणि साधी अशा दोन्ही वाहिन्यांचे पैसे आपण भरत नाही ना, हेही एकदा बिलात बघून घ्या.

आपोआप कापले जाणारे पैसे

यावर सर्वांत जास्त तक्रारी असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे. ॲप मोबाइलमधून काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं होत नाही. पैसे कापायची परवानगी तुम्ही वेगळी दिलेली असते आणि ती वेगळीच रद्द करावी लागते. कुठे दिली होती ते शोधा:

१. ॲपच्या आत, 'माझं खातं' या भागात.
२. प्ले स्टोअर किंवा ॲपल स्टोअरमधून घेतलं असेल तर त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत. ॲपमध्ये शोधून सापडणार नाही.
३. यूपीआयने भरलं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या नावाखाली.
४. कार्डाने भरलं असेल तर बँकेच्या संकेतस्थळावर ई-मँडेटच्या यादीत.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून लागू केलेली पद्धत तुमच्या बाजूची आहे. पहिल्या वेळी तुमची पडताळणी झाल्याशिवाय अशी परवानगी घेता येत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश आला पाहिजे आणि त्यातून तो व्यवहार नाकारता आला पाहिजे. पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणूनच तो संदेश वाचायचा असतो. तो येतो तो जाहिरातींच्या ढिगाऱ्यात. तेव्हा सबस्क्रिप्शन घेतल्या-घेतल्या लगेच ऑटोपे रद्द करून टाकणं सर्वांत बरं. भरलेली मुदत सहसा संपेपर्यंत चालू राहते. तशी राहते ना, एवढं आधी अटींमध्ये बघा.

रद्द करायचं बटण सातव्या पानावर लपवलेलं असेल किंवा रद्द करताना फोनच करावा लागत असेल, तर ती नुसती गैरसोय नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या अशा तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं हे त्यांतलं एक. न विचारता बिलात काही वाढवणं आणि शेवटच्या पानावर किंमत फुगवणं, हीही त्यातच येतात. अशा वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे लागतील.

डेटा आणि शेजारी

एचडी दर्जाचा सामना तासाला साधारण दोन ते तीन जीबी डेटा घेतो. म्हणजे 'रोज दोन जीबी'च्या रिचार्जवर पहिला डावही पूर्ण होईलच असं नाही. दर्जा कमी केला तर तासाला एक जीबीच्या आसपास भागतं, मोबाइलच्या पडद्यावर तेवढं पुरतं. एक बारकावा उपयोगी पडेल: रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने मिळतो. साडेबाराच्या सामन्याला पूर्ण ताजा डेटा असतो, तर रात्री दहाच्या सामन्याला दिवसभर रील बघून उरलेला.

ॲपवरचं चित्र केबल-डीटीएचपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं. तुमच्या पडद्यावर पेनल्टीसाठी बॉल ठेवला जात असतो आणि खालच्या मजल्यावर ओरडा होतो. शेजाऱ्याला बदलता येत नाही. पण स्कोअर सांगणाऱ्या ॲपचे नोटिफिकेशन बंद करता येतात, मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करता येतो. सामना सकाळी बघणार असाल तर यूट्यूब उघडू नका. पहिल्याच चित्रात निकाल लिहिलेला असतो.

थिएटरातला सिनेमा कधी बसवायचा

शनिवारी संध्याकाळी सातचा शो आणि रात्री दहाचा सामना हे जमत नाही. अडीच तासांचा सिनेमा, त्याआधीच्या जाहिराती, मध्यंतर, पार्किंगमधून बाहेर पडणं. दहाला तुम्ही सिग्नलवर असता. दुपारी बाराच्या आसपासचा शो घ्या. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा पहिला सामना पाचला असतो, त्याच्या बराच आधी घरी पोचता. रविवारी सकाळचा शो तर आणखी सोयीचा, कारण सकाळी युरोप झोपलेला असतो.

जाहिराती किती वेळ चालणार हे कुणी सांगत नाही. बंगळूरच्या एका ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहिरातींत प्रेक्षकाचा वेळ खाल्ल्याबद्दल भरपाईचा आदेश दिला होता, पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यामुळे त्या आदेशाच्या भरवशावर वाद घालत बसू नका. तिकिटावरच्या वेळेनंतर वीसेक मिनिटं धरून चला.

तुमचे हक्क थोडक्यात:

- बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार थिएटर मालकाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. २०१८ मध्ये मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या भावावरून आपल्याकडे आंदोलन झालं तेव्हापासून अनेकांचा याबाबत गैरसमज आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता आलं पाहिजे, हेही तिथेच सांगितलेलं आहे.
- ऑनलाइन बुकिंगचं जादा शुल्क बेकायदा नाही. ते घेऊ नये असे राज्य सरकारचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द ठरवले. शुल्क वाचवायचं असेल तर खिडकीवर तिकीट काढा.
- सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के, त्यावरच्या तिकिटावर अठरा. एकपडदा थिएटरातला दुपारचा शो अजून स्वस्त का पडतो, त्याचं एक कारण हेही आहे.
- मुलांना नेताना प्रमाणपत्र बघा. 'यूए ७+', '१३+', '१६+' हा पालकांसाठी सल्ला असतो, बंदी नसते. 'ए' असेल तर अठराखालच्यांना आत सोडत नाहीत, पालक बरोबर असले तरी.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत

फुटबॉलवरचे सिनेमे आणि मालिका लांबी बघून निवडा. दर्जा बघून निवडायचा सल्ला सगळेच देतात, पण साडेनऊला संपलेला सामना आणि साडेबाराचा सामना यांच्या मधे काय मावतं, हा खरा प्रश्न असतो.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) आणि अजय देवगणचा 'मैदान' (२०२४) हे दोन्ही तीन तासांच्या आसपास आहेत. ते सामन्यांच्या मधे कोंबू नका, सामने नसलेल्या शनिवारी बघा. 'झुंड' नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर बेतलेला आहे. 'मैदान' प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर आहे. त्यांच्या संघाने १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक आणलं. घरातल्या मोठ्यांना फुटबॉलमध्ये रस नसेल तरी 'मैदान'चा शेवटचा अर्धा तास त्यांना बसवून ठेवतो.

दीड तासच असेल तर 'द डॅम्ड युनायटेड' (२००९): ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्सचे प्रशिक्षक म्हणून फक्त ४४ दिवस टिकले, त्याची गोष्ट. किंवा जाफर पनाहींचा 'ऑफसाइड' (२००६), ज्यात इराणच्या मुली मुलांचा वेश करून स्टेडियममध्ये शिरायचा प्रयत्न करतात. यात सामना जवळजवळ दिसतच नाही, तरी फुटबॉलवरचा याहून चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही. दोन तास असतील तर मल्याळम 'सुदानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८). केरळातल्या मलप्पुरमच्या सेव्हन्स (सात-सात खेळाडूंच्या) स्पर्धा आणि तिथे पैशासाठी खेळायला आलेला परदेशी खेळाडू, हे वातावरण कोल्हापूरकरांना अगदी घरचं वाटेल.

मालिकांमध्ये 'सनडरलँड टिल आय डाय' आधी बघा. जिंकणाऱ्या क्लबांवरचे माहितीपट जाहिरातीसारखे होतात. इथे मात्र संघ डोळ्यांदेखत खालच्या विभागात घसरतो आणि कॅन्टीनमधल्या बाईपासून सगळ्यांचे चेहरे पडतात. 'टेड लासो' हलकीफुलकी आहे, पण शिव्या भरपूर. लहान मुलांबरोबर लावण्याआधी वयाचं मानांकन बघा. '१३+' आणि वरच्या कार्यक्रमांसाठी ॲपने पालकांना लॉकची सोय देणं २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते लॉक सामन्याच्या आधी लावून ठेवा.

मैदानावर जाऊन बघा

टीव्हीवरचा सामना सोडून उठायला कुणी तयार नसतं, हे मान्य. पण आपल्याकडे निदान दोन जागा अशा आहेत की जिथे प्रेक्षक पाहण्यासाठीही जावं. एक कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथे लिव्हरपूल-मँचेस्टरच्या वरची आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम हिवाळ्यापासून पुढे चालतो, सामने दुपारी असतात, म्हणजे इंग्लंडच्या रात्रीच्या सामन्याच्या आड येत नाहीत. पेठांमधली चुरस असेल त्या दिवशी लवकर जा, मुलं बरोबर असतील तर समर्थकांच्या घोळक्यापासून दूर, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. दुसरी जागा मडगावचं फातोर्डा. मुंबईत असाल तर कूपरेज आणि अंधेरीचं क्रीडा संकुल. भारतीय स्पर्धांचं वेळापत्रक अलीकडे बेभरवशाचं झालंय, तेव्हा तारीख आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

तिकीट सामन्याचं असतं, खेळाडूचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीचा अल-नस्र फातोर्ड्यावर एफसी गोवाशी खेळायला आला. संघ आला, रोनाल्डो आला नाही. अशा वेळी पैसे परत मागता येत नाहीत. सामना रद्द झाला किंवा पुढे ढकलला तर मात्र परताव्याची अट काय आहे ते बुकिंग करतानाच वाचा.

मुला-मुलींकडे इंग्लंडला जाणार असाल तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून तिकीट घेऊ नका. तिथे फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ पासून गुन्हा आहे, आणि तुमचं तिकीट गेटवर बाद होऊ शकतं. क्लबचं सदस्यत्व घेऊन काढा, किंवा खालच्या विभागातला सामना बघा. तिथे तिकीट सहज मिळतं.

पडदा लावणार असाल तर

मोठा सामना आला की चौकात, सोसायटीत, मंडळात पडदा लावायचा बेत होतो. घरगुती सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरासाठी असतं, हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. तिकीट लावून किंवा खाण्यापिण्याच्या कूपनातून पैसे घेऊन सामना दाखवला तर प्रक्षेपकाच्या कायदेशीर हक्काचा भंग होतो. हॉटेल किंवा कॅफे चालवत असाल तर व्यावसायिक परवाना घ्यावाच लागतो. घरी दहा मित्रांना बोलावणं ही वेगळी गोष्ट.

आवाजाचा नियम सगळ्यांना लागू. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. आपले निम्मे सामने दहानंतरचेच असल्यामुळे चौकातला पडदा बहुधा जमणार नाही. बंद हॉल, साधा टीव्ही, आणि सोसायटीच्या सचिवांना आधी सांगणं एवढंच हाती उरतं. आतसुद्धा निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गोल झाल्यावर ती कुणालाच पाळता येणार नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजींना आधीच सांगून ठेवा.

फुकटच्या लिंक

टेलिग्रामवर आलेली लिंक दाबली की सामना दिसेलही. पण आधी 'हे ॲप टाका' असं म्हणतात, आणि ते ॲप प्ले स्टोअरबाहेरचं असतं. त्याला तुमचे संदेश वाचायची परवानगी दिली म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. पैसे गेले तर १९३० या सायबर क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेला कळवा. पहिले काही तास महत्त्वाचे. थिएटरात मोबाइलने सिनेमा चित्रित करणं तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर थेट तुरुंगात नेऊ शकतं: किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड.

तक्रार कुठे करायची

आधी कंपनीकडे लेखी, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पुढचा रस्ता तक्रारीच्या प्रकारावर ठरतो:

- पैसे, परतावा, न चालणारी सेवा: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येतं.
- मँडेट रद्द करूनही बँकेने पैसे कापले: बँकेकडे तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, विनाशुल्क.
- मालिका-सिनेमातल्या मजकुराबद्दल आक्षेप: ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो.
- हेल्पलाइनने काम झालं नाही: जिल्हा ग्राहक आयोग. 'ई-जागृती' संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची.

कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा बंगळूरला आहे म्हणून घाबरू नका. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. सोबत पावती, बँकेचा संदेश, सबस्क्रिप्शन घेताना दिसलेली अट आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट एवढं जोडा. स्क्रीनशॉटवर तारीख आणि वेळ दिसेल असं बघा.